पॅकेज बिल्डच्या सूचना पुन्हापुन्हा शिळ्या होतात: कारणं आणि इलाज

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "दादा, तुमच्या पानावर लिहिलंय तसंच्या तसं केलं, तरी पॅकेज बिल्ड होत नाहीये." ऑक्टोबरात, हॅक्टोबरफेस्टच्या सुमारास, मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं मुक्त-स्रोत प्रकल्पांकडे वळतात तेव्हा तर अशा निरोपांची रांगच लागते. आपण पान दुरुस्त करतो, इश्यू (तक्रारीची नोंद) बंद करतो. पुढच्या वर्षी मुलं नवी, पान तेच, फक्त मोडलेली ओळ वेगळी.

आमचा प्रकल्प छोटा आहे. देवनागरी शुद्धलेखन तपासणारं एक पायथन साधन. त्याचं व्हील (पायथनचं तयार पॅकेज) पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर जातं, डेबियन-उबुंटू या लिनक्स वितरणांसाठी डेब पॅकेज बनतं आणि फेडोरासाठी आरपीएम. म्हणजे साधनसंच तीन, आणि पान शिळं व्हायला वाटाही तीन. खाली जे लिहिलंय ते मात्र कुठल्याही प्रकल्पाला चालेल.

आधी आत्ताची अडचण सोडवा

कुणीतरी अडकून बसलंय, त्याला आधी मोकळं करू. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा दिसणाऱ्या चुका या.

"एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असा संदेश आला, तर तुमच्या पानावर बहुधा कुठेतरी "सुडो पिप इन्स्टॉल" (ॲडमिनच्या अधिकाराने पायथन पॅकेज बसवायची कमांड) लिहिलेलं आहे. पेप ६६८ (पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) मुळे वितरणाला आता पिपला बजावून ठेवता येतं, की सिस्टिमच्या पायथनमध्ये हात घालू नकोस. डेबियनने हे १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) लागू केलं, उबुंटूने २३.०४ पासून. उपाय व्हेन्व्ह (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन वातावरण) किंवा पिपएक्स (प्रत्येक साधन अशा वेगळ्या वातावरणात बसवणारं). इंटरनेटवर "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" हा पर्याय जोडून मोकळं व्हायचा सल्ला सर्रास मिळतो. ज्या पर्यायाच्या नावातच सिस्टिम मोडायची कबुली आहे, तो नवशिक्यांच्या पानावर नको.

"नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स" आलं, तर पायथन बहुधा ३.१२ किंवा त्यापुढचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलं, उबुंटू २४.०४ मध्ये हाच पायथन आहे. शिवाय ३.१२ पासून नव्या व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्स (पॅकेज बांधायचं नेहमीचं साधन) आपोआप येत नाही. त्यामुळे "पायथन सेटअप डॉट पाय" ने सुरू होणारी जुनी कमांड दोन निरनिराळ्या कारणांनी अडू शकते, आणि मुलं एका चुकीवरचा उपाय दुसरीला लावून बघत बसतात. दोन्हींवर औषध एकच. सेटअप डॉट पाय थेट चालवायचं सोडा, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (बिल्डला काय लागतं ते सांगणारी फाइल) ठेवा आणि "पायथन -एम बिल्ड" चालवा. बिल्डला जे लागतं ते तो स्वतः वेगळ्या वातावरणात आणतो.

पायपीआयवर चढवताना नकार येतोय आणि पानावर "आपलं युजरनेम-पासवर्ड टाका" असं आहे? १ जानेवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची आहे आणि पॅकेज चढवायला टोकन (पासवर्डऐवजीचा गुप्त संकेत) किंवा ट्रस्टेड पब्लिशिंग (गिटहबसारख्या सेवेवरून पासवर्डाशिवाय थेट चढवणं) लागतं. ती ओळ पुसा.

डेबकडे वळू. डेबहेल्पर हा डेब बांधायला मदत करणाऱ्या आज्ञांचा संच, "डीएच" ही त्यातली मुख्य आज्ञा. डेबहेल्परची पातळी दोन ठिकाणी सांगितलीय अशी तक्रार "डीएच" करत असेल, तर कुणीतरी जुनी शिकवणी वाचून डेबियन फोल्डरमध्ये "कॉम्पॅट" नावाची फाइल केली आहे. हल्ली तीच गोष्ट कंट्रोल फाइलमध्ये "डेबहेल्पर-कॉम्पॅट (= १३)" अशी लिहितात. फाइल उडवा. "ॲप्ट-की" (ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला सहीची किल्ली द्यायची जुनी आज्ञा) सापडत नसेल तर समोर बहुधा डेबियन १३ आहे; किल्लीची फाइल "ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज" मध्ये ठेवून ॲप्टच्या सोर्सच्या (पॅकेज कुठून आणायचं याच्या) नोंदीत "साइन्ड-बाय" लिहायचं. आरपीएममध्ये "पॅच०", "पॅच१" असे जोडून लिहिलेले मॅक्रो आरपीएम ४.२० ने, म्हणजे फेडोरा ४१ पासून, नाकारले. "पॅच -पी ०" असं लिहा, यातला पी कॅपिटल.

मोडतंय कुठे

वरची यादी पुन्हा एकदा बघा. यातल्या एकाही बदलासाठी आमच्या रिपॉझिटरीत कुणी बोट लावलेलं नव्हतं. पान जसंच्या तसं होतं, कोड तसाच होता, खालची जमीन सरकली.

म्हणूनच या प्रश्नावर जो इलाज सगळे आधी सुचवतात, तो लागू पडत नाही. "पुल रिक्वेस्टमध्ये (कोडबदलाच्या प्रस्तावात) डॉक्युमेंटेशनही बदला", टेम्प्लेटमध्ये "पान अद्ययावत केलं" असा चौकोन, कोडओनर्सच्या (कुठल्या फाइलची जबाबदारी कुणाची ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये कुणाचं तरी नाव. हे सगळं आपण केलेल्या बदलांवर पहारा ठेवतं. पॅकेज बांधणाऱ्या साधनांच्या बाबतीत मात्र बदल बाहेर होतात: डेबियनमध्ये, पायथनमध्ये, फेडोरामध्ये. तिकडे कुणी आपल्याला पुल रिक्वेस्ट पाठवत नाही. चौकोनाबद्दल तर बोलायलाच नको. त्यावर लोक न वाचता टिक करतात, मीही करतो.

तेव्हा काम दोन भागांत होतं. पानावर मुळात कमी लिहायचं, आणि जे उरेल ते ठरावीक वेळाने कोऱ्या मशीनवर यंत्राकडून चालवून घ्यायचं.

कोरी मशीन

मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, लॅपटॉपवर सूचना कधीच मोडत नाहीत, कारण लागणारं सगळं तिथे कधीच बसवून झालेलं असतं. त्यामुळे तक्रार आली की स्वतःच्या टर्मिनलमध्ये ती कमांड चालवून "माझ्याकडे तर होतंय" असं उत्तर पाठवू नका. "पॉडमॅन रन" ने डेबियन ट्रिक्सीचा (म्हणजे १३ चा) ताजा कंटेनर (आपल्या मशीनच्या आत चालणारं वेगळं, कोरं लिनक्स) उघडा आणि पानावरच्या ओळी वरून खाली एकेक करत चिकटवा. पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की गिट नाही, कर्ल नाही, सीए-सर्टिफिकेट्स नाहीत, आणि पानावर यांचा उल्लेखही नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. अशा कंटेनरमध्ये लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) ठरवलेलं नसतं. देवनागरी मजकूर असलेल्या टेस्ट घरच्या मशीनवर पास होतात आणि इथे एखादं साधन अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं टाकतं. "एलसी_ऑल" ला "सी.यूटीएफ-८" देऊन बघा. दिल्यावर चाललं, तर ती ओळ सूचनांचाच भाग आहे. ती बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये जायला हवी.

कॉलेजच्या लॅबमध्ये सुडो मिळत नाही. पॉडमॅन रूटशिवाय चालतो म्हणून तो सुचवायचा, पण त्यालाही प्रत्येक युजरसाठी सबयूआयडीची (कंटेनरसाठी राखलेल्या युजर-क्रमांकांची) नोंद लागते आणि ती ॲडमिनच करू शकतो. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे लॅबच्या सरांना भेटायला दोनदा जावं लागणार नाही. तिथे उबुंटू २०.०४ असेल तर त्यात पायथन ३.८ आहे आणि त्याचा नेहमीचा आधार मे २०२५ मध्येच संपला. त्याच्यासाठी पानावर पळवाटा लिहीत बसू नका. "याहून जुन्यावर कंटेनर वापरा" एवढी एक ओळ पुरे.

कुठल्या आवृत्तीवर हे चालतं हे पानाच्या माथ्यावर लिहायची सवय आपल्याकडे कमीच. पवईत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-शिकवण्यांच्या प्रकल्पात ती शिस्त आहे. ट्युटोरियलच्या आरंभीच कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती वापरून ते ध्वनिमुद्रित केलंय ते सांगतात. बघणाऱ्याचा स्क्रीन वेगळा दिसला तर दोष कुठे शोधायचा हे त्याला तिथेच कळतं. व्हिडिओ बदलणं महाग असतं म्हणून त्यांना हे करावंच लागलं असेल. पण बदलायला सोप्या असलेल्या पानावर ती ओळ का नसावी?

पानावरून काय काढायचं

सगळ्यात आधी हाताने लिहिलेली पॅकेजांची यादी. "आधी हे बसवा" म्हणून दहा-बारा नावं दिलेली असतात, आणि त्यातलं एक तरी नाव पुढच्या वितरणात बदललेलं किंवा गायब असतं. ही माहिती डेबियनच्या कंट्रोल फाइलमध्ये "बिल्ड-डिपेंड्स" खाली आधीच आहे, आणि तिथे ती बरोबर ठेवावीच लागते, नाहीतर पॅकेज बांधलंच जात नाही. रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये उभं राहून "सुडो ॲप्ट बिल्ड-डेप ./" म्हटलं की ॲप्ट तीच फाइल वाचून सगळं बसवतो. मात्र त्यासाठी गाठीशी ॲप्टचे सोर्स नीट हवेत आणि "ॲप्ट अपडेट" झालेलं हवं. फेडोरावर "डीएनएफ बिल्डडेप" स्पेक फाइलवरून (आरपीएम कसं बांधायचं ते सांगणाऱ्या) हेच करतं. पायथनकडे पायप्रोजेक्ट डॉट टॉमल आहे. दादर स्टेशनच्या भिंतीवर छापील वेळापत्रक असलं, तरी लोकल पकडणारा माणूस इंडिकेटरकडेच बघतो. वाचणाऱ्याला इंडिकेटरसमोर नेऊन उभं करायचं, छापील यादी त्याच्या हातात द्यायची नाही.

मग स्क्रीनशॉट. ते तपासता येत नाहीत, शोधता येत नाहीत, आणि अंध वाचकाच्या काही कामाचे नाहीत. काढा. नमुन्यादाखल दाखवलेल्या आउटपुटमधले आवृत्तीक्रमांकही काढा. फाइलच्या नावात क्रमांकाच्या जागी तारा (*) चालतो.

आणि दुसऱ्यांच्या साधनांची शिकवणी. एसबिल्ड (कोऱ्या वातावरणात डेब बांधणारं साधन) कसं उभं करायचं, मॉकच्या (आरपीएमसाठीचं तसंच साधन) ग्रुपमध्ये स्वतःला कसं घालायचं, हे आपल्या पानावर कशाला? त्यांचं मॅन्युअल ते लोक सांभाळतात. यावर एक आक्षेप रास्त आहे: नवशिक्याला दहा ठिकाणी हिंडवलं तर तो वाटेतच सोडून देतो. म्हणून मी सगळंच दुसरीकडे ढकलायच्या विरुद्ध आहे. मुख्य वाट, म्हणजे क्लोन करण्यापासून हातात डेब येईपर्यंतची, आपल्याच पानावर सलग असावी. फाटे दुसरीकडे.

उरलेल्या ओळी यंत्राकडून चालवून घ्या

इथे खरी मेहनत आहे, आणि फायदाही इथेच.

कमांड पानावर लिहायची नाही, स्क्रिप्टमध्ये लिहायची. पान ती स्क्रिप्ट दाखवतं, सीआय (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी सेवा) तीच स्क्रिप्ट चालवतं. स्फिंक्समध्ये (डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं साधन) यासाठी "लिटरल-इन्क्लूड" आहे: स्क्रिप्टमध्ये कॉमेंट म्हणून खुणा ठेवायच्या, आणि "स्टार्ट-आफ्टर", "एंड-बिफोर" देऊन हवा तेवढाच तुकडा पानावर आणायचा. तुकड्यांच्या मधला मजकूर, म्हणजे हे का करायचं, न जमल्यास कुठे बघायचं, तो नेहमीसारखा लिहायचा. आता कमांड बदलली की पान आपोआप बदलतं, आणि कमांड मोडली की सीआय लाल होतं.

ज्यांचं सगळं रीडमीमध्येच आहे, त्यांना असं बाहेरून ओढून आणता येत नाही. त्यांनी उलट करावं: मार्कडाउनमधले कोडचे तुकडे बाहेर काढून चालवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. शेलच्या कमांड आणि त्यांचं अपेक्षित आउटपुट शेजारीशेजारी लिहून तपासायला क्रॅम आहे. पायथनच्या उदाहरणांना डॉकटेस्ट पुरतं, आणि बदलत्या आकड्यांच्या जागी टिंबं चालवून घेणारा "एलिप्सिस" पर्याय त्यात आहेच.

याच विचाराचं जुनं उदाहरण डेबहेल्परमध्येच आहे. त्यातल्या "डीएच_" ने सुरू होणाऱ्या आज्ञा पर्लमध्ये लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येकीचं मॅन पेज (टर्मिनलमध्ये दिसणारं मदतीचं पान) त्याच फाइलमध्ये पॉड या पर्लच्या डॉक्युमेंटेशन स्वरूपात असतं. वागणूक बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्याच पॅचमध्ये, तिचं वर्णन उभं असतं. शिवाय कुठल्या कॉम्पॅट पातळीला काय बदललं याची वेगळी यादी ते ठेवतात. जुन्या पातळीवरचं पॅकेज जुन्याच पद्धतीने वागत राहतं, आणि वर चढायचं तेव्हा वाचायचं काय हेही ठरलेलं असतं.

आता सीआयचे दोन मार्ग करा. एक खिळवलेला: डेबियन १२, नेमका पायथन, ठरलेल्या आवृत्त्या. दुसरा सरकता: डेबियन टेस्टिंग, फेडोरा रॉहाइड (दोन्ही पुढच्या आवृत्तीच्या तयारीतली), सगळ्यात नवा पायथन. नुसता खिळवलेला मार्ग ठेवणारे बरेच आहेत. त्यांचं सीआय वर्षानुवर्षं हिरवं असतं आणि पान कधीच मेलेलं असतं, कारण खिळवलेल्या इमेजमध्ये बाहेरचं जग शिरतच नाही. दोन्ही लाल झाले तर आपणच काहीतरी मोडलंय. फक्त सरकता लाल झाला तर बाहेर काहीतरी बदललंय आणि ते अजून बहुतेकांपर्यंत पोचलेलं नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, त्यामुळे ही सूचना बऱ्याचदा काही महिने आधी मिळते.

सरकत्या मार्गाने कुणाची पुल रिक्वेस्ट अडवू नका. दोष त्या बिचाऱ्याचा नसतो. हा मार्ग आठवड्यातून एकदा वेळापत्रकावर चालवा. आणि गिटहबच्या सीआयमधल्या "उबुंटू-लेटेस्ट" या लेबलवर विसंबून दोन्ही कामं एकात उरकू नका. गिटहबने ते लेबल डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ च्या दरम्यान हळूहळू २२.०४ वरून २४.०४ वर नेलं. तेव्हा एकाच रिपॉझिटरीत एक रन हिरवा आणि पुढचा लाल, असं अनेकांना दिसलं, आणि लोक स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसले.

एक खाचखळगा हमखास चुकतो. गिटहबवर सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो बंद केले जातात. म्हणजे जो प्रकल्प शांत आहे, ज्याचं पान शिळं व्हायची भीती सगळ्यात जास्त, नेमका त्याचाच पहारेकरी झोपतो. म्हणून "शेवटचं यशस्वी बिल्ड" ही तारीख पानावर यंत्रानेच छापावी. ती फार जुनी दिसली की वाचणारा स्वतःच सावध होतो. माणसाने हाताने टाकलेल्या "शेवटचे अद्यतन" या तारखेवर माझा तरी विश्वास नाही. स्वल्पविराम बदलला तरी ती पुढे सरकते.

मराठी पानाचं काय

इंग्रजी पान सुधारलं, मराठी राहिलं. हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की अनुभवी मुलं मराठी पान उघडतच नाहीत. दोष भाषांतर करणाऱ्याचा नाही, पद्धतीचा आहे. अख्खं पान कॉपी करून त्याचं मराठी केलं, की मूळ पानाशी त्याची नाळ तुटते. मूळ कधी बदललं हे त्याला कळायला मार्गच उरत नाही.

पीओ फाइलवर या, म्हणजे मूळ परिच्छेद आणि त्याचं भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलवर. स्फिंक्सला गेटटेक्स्टचा (अशा फाइली चालवणाऱ्या साधनसंचाचा) आधार आहे. मार्कडाउन किंवा मॅन पेजसाठी पीओ४ए आहे. मूळ परिच्छेद बदलला की त्याचं मराठी "फझी" (पुन्हा तपासायला हवं असं) ठरतं, आणि ते कुणीतरी तपासेपर्यंत वाचणाऱ्याला त्या जागी इंग्रजी परिच्छेद दिसतो. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी पान दिसायला वाईट, हे कबूल. पण चुकीची मराठी कमांड देण्यापेक्षा बरोबर इंग्रजी वाक्य बरं. पीओ४ए तर ८० टक्क्यांपेक्षा कमी भाषांतर असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ते पान तयारच करत नाही. नव्या प्रकल्पाला ही अट जाचक वाटते. सुरुवातीला ती "कीप" पर्यायाने खाली आणा.

कमांडचे तुकडे भाषांतरात येऊच देऊ नका. ते स्क्रिप्टमधून दोन्ही पानांत एकाच जागेवरून यायला हवेत. भाषांतर करणाऱ्याच्या हातात फक्त गद्य राहिलं की त्याचं कामही निम्म्यावर येतं.

जुन्या प्रती

शोध घेतला की सगळ्यात वर येतं ते बहुधा सगळ्यात जुनं पान: विकी, कुणाची तरी कार्यशाळेची टिपणं, प्रकल्पाची आधीची साइट. पुसून टाकलं तर लिंका मोडतात आणि लोक आणखी जुन्या प्रतीकडे जातात. त्यापेक्षा आतला मजकूर पूर्ण काढून "हे पान आता इथे आहे" एवढी एक ओळ ठेवा. वर "कालबाह्य" अशी पट्टी लावून खाली सगळं तसंच ठेवणं कामाचं नाही. लोक पट्टी वाचत नाहीत, थेट कमांड उचलतात.

मोठ्या प्रकल्पांनाही हे चुकलेलं नाही. डेबियनची जुनी नव-मेंटेनरांची मार्गदर्शिका बाजूला ठेवून तिच्या जागी नवी आणली, तरी जुनी अजून लोकांच्या बुकमार्कमध्ये आहे. अलिऑथ हे डेबियनचं कोड ठेवायचं जुनं ठिकाण २०१८ मध्ये बंद होऊन साल्सा आलं, आणि तरी अलिऑथच्या पत्त्यांवरून क्लोन करायला सांगणाऱ्या शिकवण्या आजही भेटतात. स्फिंक्सचा लिंकचेक मेलेले पत्ते पकडतो. जिवंत पत्त्यावरचा मेलेला मजकूर त्याला पकडता येत नाही.

यंत्राला न जमणारी पायरी

पायपीआयवर चढवणं, जीपीजीने (डिजिटल सहीचं साधन) सही करणं, या पायऱ्या दर आठवड्याला खऱ्याखुऱ्या चालवता येत नाहीत. सहीसाठी सीआयमध्ये वापरून फेकून द्यायची किल्ली बनवा आणि तिनेच सगळी साखळी चालवा. खरी किल्ली तिथे कधीच ठेवू नका. चढवण्यासाठी टेस्टपायपीआय ही सरावाची जागा आहे. त्याचं खातं मुख्य पायपीआयहून वेगळं असतं, टोकनही वेगळं, आणि पानावर हे लिहिलेलं नसलं की प्रत्येक नवा माणूस एकाचं टोकन दुसरीकडे लावून नकार घेऊन येतो. एकदा चढवलेल्या नावाची फाइल तिथेही पुन्हा चढत नाही. म्हणून साप्ताहिक चाचणीत आवृत्तीक्रमांकाला "डॉट डेव्ह" आणि त्यापुढे सीआयचा रन क्रमांक जोडा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात पान बरोबर असूनही सीआय लाल दिसेल.